राणीछाप रुपया अडीअडचणीला किती धावून येतो?

२०२५ च्या सुरुवातीला चांदी किलोला नव्वद हजारांच्या आसपास होती. डिसेंबरात तिने दोन लाखांचा टप्पा ओलांडला. भाव असा उसळला की घरोघरी जुने डबे उघडले जातात, देवघरातल्या पूजेच्या रुपयांची मोजदाद होते आणि मोबाईलवर सल्ल्यांचा पाऊस पडतो. सध्याचा लाडका सल्ला असा: बँका बंद पडतील, नोटा रद्द होतील, यूपीआय चालणार नाही, म्हणून जुने चांदीचे रुपये विकत घेऊन ठेवा. संकटात तेच कामाला येतील.

या सल्ल्यात तथ्य आहे, पण सांगतात तेवढं नाही. संकटासाठी राखलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारावा लागतो: त्या वाईट दिवशी ती माझ्याकडून घेणार कोण, आणि कितीला? तो प्रश्न जुन्या रुपयाला लावून बघू.

एका रुपयात चांदी किती?

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सगळ्या ब्रिटिश मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया सुरू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हेच आपल्या तोळ्याचं वजन. म्हणून जुन्या पिढीच्या तोंडी 'रुपयाभार' हे माप होतं आणि ऐंशी रुपयांचा शेर होता. या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग इतर धातू. टक्क्यांत सांगायचं तर ९१.६७. सराफ याला 'टंच' म्हणतात. टंच म्हणजे शंभर भागांत शुद्ध धातू किती. म्हणजे न झिजलेल्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम.

व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज या सगळ्यांच्या रुपयांत हेच प्रमाण टिकलं. चांदीच्या अधेलीत, म्हणजे अर्ध्या रुपयात, याच्या निम्मी; पावलीत, म्हणजे पाव रुपयात, चौथाई. बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. १९४७ चा रुपया तर शुद्ध निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो, त्यामुळे ओळखणं सोपं.

'जुना चांदीचा रुपया' एवढंच ऐकून पैसे देणारा माणूस इथेच फसतो. १९१३ चा आणि १९४४ चा रुपया हातात घेतले तर आकार तोच, वजनही तेच, पण एकात दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट चांदी. साल वाचल्याशिवाय व्यवहार करू नये.

मराठवाड्यातल्या घरांत आणखी एक जात सापडते: निजामाचा हाली सिक्का. चारमिनारचं चित्र असलेला हा रुपया ब्रिटिश रुपयाहून थोडा हलका, सुमारे ११.१८ ग्रॅमचा, आणि त्याचा टंच ८१.८. त्यातही शेवटच्या वर्षांतली नाणी ५० टक्क्यांची. गोव्यात लुईश राजाचे १८८१-८२ चे पोर्तुगीज रुपये मात्र वजनाने आणि टंचाने ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीचे, कारण तेव्हा दोन्ही सरकारांनी करार करून चलन जुळवून घेतलं होतं.

हा सल्ला आला कुठून?

अमेरिकेतून. तिथे १९६४ पर्यंतची दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटची नाणी ९० टक्के चांदीची होती. १९६५ च्या कायद्याने दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतून चांदी काढून टाकली, आणि लोकांनी जुनी नाणी बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. संकटाची तयारी करणारी मंडळी आजही ती पिशवीने विकत घेतात. एक डॉलर दर्शनी किमतीच्या नाण्यांत साधारण सव्वाबावीस ग्रॅम शुद्ध चांदी धरायची, असा तिथल्या व्यापाऱ्यांचा पक्का हिशेब आहे.

त्यांच्या युक्तिवादात दम आहे. नाणी लहान आहेत, त्यामुळे थोडी थोडी मोडता येतात. साल बघून कुणालाही ओळखता येतात. शिवाय ती आजही कायदेशीर चलन आहेत. चांदी मातीमोल झाली तरी दहा सेंटचं नाणं दहा सेंटला चालणारच.

आपल्या रुपयाला यातला शेवटचा आधार नाही. १९४१ ते १९४३ या काळात सरकारने व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद केले. तेव्हापासून राणीछाप रुपया हे नाणं नाही, ठसा असलेला चांदीचा तुकडा आहे. अमेरिकेतला सल्ला जसाच्या तसा इथे लागू होत नाही.

"पण आजीने रुपयेच साठवले होते, तिचं काय चुकलं?"

काहीच नाही. तिचा, किंवा तिच्या आजीचा, हिशेब चोख होता. कारण त्या काळी टांकसाळ उघडी होती.

१८९३ पर्यंत मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कुणीही चांदी घेऊन गेलं की दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क कापून तिचे रुपये पाडून मिळत. सामान्य माणूस स्वतः जात नसे, पण सराफ आणि व्यापारी जात. त्यामुळे गावातल्या सराफालाही ठाऊक असे की हाती आलेली चांदी शेवटी ठरल्या दराने रुपयांत बदलणार आहे. घरातली चांदीची वाकी म्हणजे फक्त ठसा उमटायचा राहिलेले रुपयेच. गिऱ्हाईक मिळेल का, ही चिंताच नव्हती, कारण शेवटचं गिऱ्हाईक सरकार होतं.

याची परीक्षा १८७६-७८ च्या दुष्काळात झाली. दख्खन होरपळत होतं. ज्वारी-बाजरी घ्यायला लोकांनी अंगावरचे दागिने मोडले आणि ती चांदी वितळवायला मुंबईच्या टांकसाळीत येऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली चांदी खरोखर उपयोगाला आली. तरीही माणसं मेली, लाखांनी मेली. हे विसरून चांदीचं कौतुक करणं मला जमत नाही. ज्याच्याकडे मोडायला काही होतं तो काही आठवडे जास्त तगला. मजुराकडे, भूमिहीनाकडे मोडायला काही नव्हतंच. आणि ज्याच्याकडे होतं, त्यालाही महागलेलं धान्य घ्यावं लागलं.

१८९३ मध्ये सरकारने लोकांच्या चांदीसाठी टांकसाळ बंद केली. त्या दिवसापासून चांदीला हमखास गिऱ्हाईक राहिलं नाही. ती बाजारभावाने विकायची वस्तू झाली, आणि बाजारभाव कुणाच्या अडचणीकडे पाहून ठरत नाही.

रुपया मात्र लोकांच्या मनात चांदीच राहिला. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की रुपयाच्या दर्शनी किमतीपेक्षा त्यातला धातू भारी ठरू लागला. लोकांनी रुपये दडवले आणि सरकारला नाणी पुरेनात. ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट निघाली ती याच टंचाईमुळे. पुढच्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानात आली आणि तिचे रुपये पडले. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा. या वेळी सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं हा गुन्हाच ठरवला. मोठं संकट आलं की सरकारही नियम बदलतं, हे संकटासाठी साठवण करणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

घ्यायचा भाव आणि द्यायचा भाव

समजा आज चांदी किलोला दोन लाख आहे, म्हणजे ग्रॅमला दोनशे. पाचव्या जॉर्जच्या चांगल्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणून धातूची किंमत २,१३८ रुपये. विक्रेता तो तुम्हाला २,६०० ला देतो. वरचे पैसे जुनेपणाचे, त्याच्या नफ्याचे, कराचे.

वर्षभराने अडचण आली. भाव तोच आहे. तुम्ही नाणं घेऊन सराफाकडे जाता. तो त्याला 'मोड' म्हणतो, म्हणजे वितळवण्यासाठी घेतलेला जुना माल. राणी, राजा, साल याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो वजन करतो, टंच बघतो, आटणीतली तूट आणि आपला नफा धरून कापतो. दहा टक्के कापले असं धरलं तर तुमच्या हातात १,९२४ रुपये पडतात. भाव हललाही नाही आणि सव्वीसशेचे एकोणीसशे झाले. तुमचे पैसे नुसते परत यायला चांदी ३५ टक्के वर जायला हवी. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या गावात कपात पाच टक्के असेल किंवा वीस, पण हिशेबाची रीत हीच.

"पण जुन्या नाण्याला संग्राहक जास्त पैसे देतात" असं कुणी म्हणेल. देतात. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ आहे, त्याला धातूच्या कितीतरी पट किंमत येते. पण जुना वाडा पाडताना काय होतं आठवा. कोरीव सागवानी दरवाजाला पारखी माणूस लाख रुपये देईल, पण तो पारखी शोधायला सहा महिने लागतात. पाडकाम सुरू असताना दारात उभा असतो तो लाकूड वखारवाला, आणि तो घनफुटाचा भाव करतो. अडचणीच्या दिवशी नाण्याला मिळणारा भाव हा वखारीचा भाव असतो. म्हणून संकटासाठी नाणी घ्यायची तर धातूच्या किमतीच्या जितकी जवळ मिळतील तितकी बरी. सुबक, दुर्मिळ, 'गुंतवणूक म्हणून उत्तम' अशी नाणी हा छंद आहे. छंद जरूर करावा, पण वेगळ्या पैशातून.

दुर्मिळतेच्या नावाखाली फसवणूक फार चालते. राम दरबार किंवा हनुमान छापलेलं, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं 'नाणं' अनेकांकडे असतं. कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा, असे फोन येतात आणि त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव घेतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की अशा खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही.

खरा की खोटा, घरच्या घरी

माझ्या समोर आत्ता १९०४ चा रुपया आहे. एका बाजूला मुकुट नसलेला सातवा एडवर्ड, दुसऱ्या बाजूला वर मुकुट आणि दोन्हीकडे कमळाच्या डहाळ्या. कडेच्या खाचा बोटाला लागतात, पण राजाच्या कानावरचे केस झिजून सपाट झाले आहेत. खिशात मावणारा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा चारपाचशे रुपयांत मिळतो. त्यावर वजन भरलं ११.५२ ग्रॅम. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत चौदा सेंटिग्रॅम चांदी हातोहात झिजली.

नुसत्या वजनाने खात्री होत नाही, म्हणून पुढची पायरी. पेल्यात पाणी घ्या, पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असं धरा. काटा १.१२ दाखवतो. आधीचं वजन भागिले हा आकडा: ११.५२ भागिले १.१२ म्हणजे १०.२९. खऱ्या रुपयाचं उत्तर १०.२ ते १०.४ च्या आसपास येतं. जर्मन सिल्व्हरमध्ये, नाव काहीही असो, चांदी नसतेच. त्याचं उत्तर पावणेनऊच्या जवळ येईल. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाचं साडेनऊच्या आसपास. आत शिसं घालून वर मुलामा दिला असेल तर आकडा अकराकडे झुकतो. दोरा जाड असला किंवा नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर उत्तर चुकतं, म्हणून दोनतीनदा करून बघा.

चुंबकाची परीक्षा अर्धवट आहे. चिकटलं तर नक्की खोटं किंवा निकेलचं. नाही चिकटलं म्हणून खरं ठरत नाही, कारण तांबं आणि शिसंही चिकटत नाही. खणखणीत आवाजावर जुने सराफ भरवसा ठेवत, पण तो कान वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. दुकानातलं टंच काढायचं यंत्र नाण्याचा वरचा थर वाचतं. जाड मुलाम्याला ते फसू शकतं. माळेत ओवायला कडी लावलेली नाणी घ्यायची तर कडी आणि डाग (ती जोडायला लावलेला धातू) यांचं वजन सोडून हिशेब करा.

आणि नाणी घासू नका. चिंच, राख, पितळ घासायची पावडर, काहीही नको. काळेपणा हा हवेतल्या गंधकाचा परिणाम आहे, त्याने धातूची किंमत कमी होत नाही. घासल्याने मात्र चांदी जाते आणि संग्राहकही तोंड फिरवतो. रबरबँडमध्येही गंधक असतं, म्हणून नाण्यांची चळत रबराने बांधू नये.

"नोटबंदीत बघितलं ना, नोटा कागद झाल्या?"

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या हे खरं. पण पुढचे आठवडे आठवा. अडलं होतं ते सुट्ट्या, चालणाऱ्या नोटांवाचून. भाजीवाली शंभराची नोट मागत होती. चांदीचा रुपया तिने घेतला नसता, आणि सराफाला नाणं विकलं असतं तरी त्याच्याकडे द्यायला चालणाऱ्या नोटा कुठे होत्या? त्या दिवसांत ज्याच्या घरी शंभर-पन्नासच्या नोटांचं बंडल होतं तो निश्चिंत होता.

२०२० च्या टाळेबंदीत वेगळंच घडलं. २५ मार्चपासून दुकानं बंद, सराफकट्टा बंद. त्याच मार्चमध्ये वायदेबाजारात चांदी किलोला ३५ हजारांखाली घसरली होती. ऑगस्टमध्ये ती ७५ हजारांवर गेली. म्हणजे ज्यांची नोकरी एप्रिलमध्ये गेली त्यांना चांदी विकायला दुकान नव्हतं, आणि संकटाच्या ऐन सुरुवातीला भावही पडलेला होता. ज्यांच्याकडे चार महिने काढण्याइतके पैसे बँकेत होते, त्यांना चांदीचा फायदा झाला. चांदीने वाचवलं ते आधीच वाचलेल्यांना.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढलं, तेव्हा वीज नाही, एटीएम नाही, फोनला रेंज नाही. तिथेही लागलं ते पिण्याचं पाणी, औषधं, कोरडा शिधा, चार्ज केलेला फोन आणि सुट्टी रोकड. धातूचा एक गुण इथे दिसतो: नाणं भिजत नाही, कुजत नाही, घर कोसळलं तरी ढिगाऱ्यात शाबूत राहतं. पूर ओसरल्यावर, पुन्हा घर उभं करताना, त्याला मोल आहे. पुराच्या रात्री नाही.

"चांदीचा भाव शून्य तर होणार नाही ना?"

शून्य होणार नाही, हे कबूल. पण निम्मा होऊ शकतो, आणि झालेला आहे. अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदी दाबून धरली तेव्हा जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला. २७ मार्च १९८० ला तो अकरा डॉलरखाली कोसळला. आपल्याकडे एप्रिल २०११ मध्ये चांदी किलोला सत्तर हजारांच्या वर होती, २०१५ अखेरीस ३३-३४ हजारांवर आली. त्या एप्रिलमध्ये मुलीच्या लग्नासाठी चांदी घेऊन साडेचार वर्षांनी ती विकणाऱ्याचं काय झालं असेल? चांदीची निम्म्याहून अधिक मागणी कारखान्यांतून येते, सौर पट्ट्यांपासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंपर्यंत. उद्योग मंदावले की चांदी सोन्याहून जोरात आपटते, आणि उद्योग मंदावतात तेव्हाच माणसांच्या नोकऱ्या जातात.

"आणि सगळंच कोलमडलं तर?"

चलनच मेल्याची उदाहरणं जगात आहेत. झिम्बाब्वेत २००८ मध्ये झालं. तिथे लोक अमेरिकी डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांकडे वळले, कारण ते सगळ्यांना ओळखू येत होते. चांदीची नाणी ही तिथली रोजची देवघेव झाली नाही. नाण्याने खरेदी व्हायला समोरच्याला ते ओळखता आलं पाहिजे, आणि त्याच्याकडून पुढचा माणूस ते घेईल याची त्याला खात्री हवी. आज तुमच्या किराणा दुकानदाराला एडवर्डचा रुपया आणि त्याची नक्कल यातला फरक सांगता येईल का? अशा काळाची भीती खरीच वाटत असेल तर विहीर, धान्य, शेजार आणि गावाकडचं नातं यांत आधी लक्ष घालावं.

मग घ्यावेत का?

ज्याच्या घरात महिनाभराचा खर्च सुट्ट्या नोटांत नाही, बँकेत चार-सहा महिन्यांची तजवीज नाही, आरोग्य विमा नाही, त्याने चांदीचा एकही रुपया घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. रात्री दोन वाजता रुग्णालय अनामत रक्कम मागतं, ती नाण्यांत भरता येत नाही.

हे सगळं जागेवर असेल तर जुने रुपये ही तिसऱ्या फळीची चांगली राखण आहे. त्यांचे गुण खरे आहेत. लहान तुकड्यांत विकता येतात, वीट मोडावी लागत नाही. कुठल्याही कंपनीवर, ॲपवर, पासवर्डवर ती अवलंबून नाहीत. वरच्या भावाने लाखभराच्या चांदीला ४७ नाणी लागतात, वजन साधारण साडेपाचशे ग्रॅम. एका हातरुमालात मावतात.

घ्यायच्या आधी एक काम करा. घरातलं एखादं जुनं नाणं घेऊन तीन सराफांकडे जा आणि विकायचा भाव विचारा. विकू नका, नुसतं विचारा. कुणी टंच ऐंशीच धरेल, कुणी "नाणी घेत नाही, दागिनेच घेतो" म्हणेल, कुणी नीट वजन करून कागदावर हिशेब मांडून देईल. हा शेवटचा माणूस तुमच्या कामाचा. खरेदीही शक्यतो त्याच्याकडूनच करा आणि बिलावर नाण्यांची संख्या, सालं, एकूण वजन, टंच लिहून घ्या. पाचव्या जॉर्जची साधी, झिजलेली नाणी मागा. ती मुबलक आहेत, म्हणून धातूच्या किमतीला जवळ पडतात. ती नाणी घरी कुठे आहेत हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या. लॉकरमध्ये ठेवली तर सुरक्षित, पण रविवारी आणि रात्री लॉकर उघडत नाही.

कर आणि तारण

चांदी घेताना तीन टक्के जीएसटी लागतो. चोवीस महिन्यांहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. वारशाने आलेली जुनी नाणी असतील तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव ही खरेदीची किंमत धरता येते. तेव्हा चांदी किलोला सात-साडेसात हजार होती, म्हणजे आज विकणाऱ्याचा जवळजवळ सगळाच पैसा नफ्यात मोडतो. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाहीत.

न विकता तारण ठेवण्याची वाटही आता मोकळी होते आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार चांदीवर कर्ज देता येतं, पण नाण्यांसाठी एका कर्जदारामागे मर्यादा ५०० ग्रॅमची. तुमची शाखा जुने रुपये घेते का, हे अडचण येण्याआधी विचारून ठेवा.

जमिनीत सापडलेली आणि परदेशी न्यायची

जुनं घर पाडताना किंवा विहीर खणताना हंडा निघाला तर तो आपोआप आपला होत नाही. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे: जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गुपचूप वाटून घेणं गुन्हा आहे.

परदेशात राहणाऱ्या मुलांना आजीचे रुपये देण्याची इच्छा अनेकांची असते. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरिया आणि एडवर्डचे सगळे रुपये त्यात येतात. पाचव्या जॉर्जचे १९२२ पर्यंतचे रुपयेही आता त्यात आले आहेत. सामानात सापडले तर जप्त होतात. शंभर वर्षांच्या आतलं नाणं नेता येतं, पण विमानतळावर वाद नको असेल तर ते पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा दाखला आधी काढून घ्यावा.